पाणी, पातें आणि हात

एखाद्याची खरपूस कानउघाडणी झाली म्हणजे त्याची ‘बिनपाण्यानें हजामत’ झाली असें आपण म्हणतों. हा वाक्प्रचार नेहमीं तोंडीं असतो, पण त्यांत केवढा अनुभव सांठविला आहे याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. हजामत ही शिक्षा नव्हे. ती बिनपाण्याची झाली कीं शिक्षा होते, हें आपल्या पूर्वजांना पक्कें ठाऊक होतें. आज मात्र कित्येक तरुण रोज सकाळीं आरशासमोर उभे राहून ही शिक्षा स्वतःच्याच हातानें स्वतःला करून घेतात, आणि दोष देतात पात्याला, साबणाला किंवा आईबापांकडून आलेल्या नाजूक कातडीला!

आमच्या गिरीजसारख्या गांवीं हा प्रकार विशेष दृष्टीस पडतो. येथून वसई रोड स्टेशन गांठावयाचें आणि मुंबईची लोकल धरावयाची म्हणजे पहांटेचें एकेक मिनिट मोजावें लागतें. अंघोळ, दाढी, चहा व डबा या चारांपैकीं काटछाट होते ती दाढीच्या वेळेची. आमचा पुतण्या तोंडावर पाण्याचा एक हबका मारी, साबणाचा हात फिरवी न फिरवी तोंच रेझर चालूं होई, आणि चार मिनिटांत स्वारी मोकळी! पुढें गाडींतील गर्दींत घाम आला म्हणजे मानेवरची आग त्याला बोरिवलीपर्यंत पुरे. ‘एकाची जळते दाढी, दुसरा त्यावर पेटवितो विडी’ या न्यायानें सोबती त्याच्या लाल मानेवर विनोद करीत आणि तो बिचारा कॉलर वर ओढून घेई.

घरोघर फिरणारा न्हावी आम्हीं लहानपणीं पाहिला आहे. धोकटी उघडली, वाटींत पाणी घेतलें, कीं तो बोटांनीं दाढी भिजवून चोळीत बसे. तें इतका वेळ चाले कीं हा वस्तरा काढण्याचें विसरला कीं काय, असें आम्हां मुलांना वाटे. त्याचें तें चोळणें हा वेळेचा अपव्यय नव्हता. दाढीचा केस कोरडा असतां राठ असतो. दोनतीन मिनिटें कोमट पाण्यांत भिजला म्हणजे तो पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि त्याला कापण्यास लागणारा जोर पुष्कळच कमी होतो. म्हणूनच अंघोळ आधीं आणि दाढी मागून, हा क्रम उत्तम. पाण्याचा गुणहि पाहिला पाहिजे. उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचें पाणी मचूळ होतें. अशा जड पाण्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशीं मिळून साका धरतो, फेस म्हणून फुटत नाहीं. दाढीपुरतें एक तांब्या गोडें पाणी निराळें ठेवलें कीं हा प्रश्न सुटतो.

मग न्हावी मागें पडला कसा? अठराव्या शतकांत पेरे नांवाच्या एका फ्रेंच कारागिरानें, सुताराच्या रंध्यांतून पातें बेतानेंच बाहेर डोकावतें हें पाहून, वस्तऱ्याला लाकडी आडोसा बसविला. पण सेफ्टी रेझर घरोघर नेला तो किंग कँप जिलेट या अमेरिकन गृहस्थानें. वापरून टाकून द्यावयाचें पातळ पोलादी पातें ही त्याची कल्पना. १९०३ सालीं त्याचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पातीं खपलीं. पुढच्याच वर्षीं, म्हणजे ज्या १९०४ सालीं त्याला पेटंट मिळालें त्या वर्षीं, रेझरांचा खप ९०,८८४ वर गेला. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं सुमारें ३५ लक्ष रेझर व ३ कोटी २० लक्ष पातीं घेतलीं, आणि सैनिक घरीं परतले ते ही नवी संवय घेऊनच. न्हाव्याचें हत्यार अशा रीतीनें डबींत बसून घरांत आलें. न्हाव्याचा हात कांहीं त्या डबींत बसून आला नाहीं. ‘सेफ्टी’ या शब्दावर विसंबून मनुष्य निर्धास्तपणें दाबूं लागला. आडोसा गळा कापूं देत नाहीं हें खरें. पण केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्रा खरडला जाण्यास तो मुळींच अटकाव करीत नाहीं. दाढीनंतर जी आग होते ती या खरडण्याची.

यावर उपाय म्हणजे दाबणें सोडणें. धातूच्या जड रेझरचें वजनच पात्याला पुरेसें असतें. दांडी अशी धरावी कीं पातें कातडीशीं सुमारें तीस अंशांचा कोन करील. हात आंखूड चालवावा, आणि दर एकदोन फेऱ्यांनंतर पातें धुवावें. केसांची दिशा प्रत्येकाची निराळी. गालांवर ते बहुधा खालीं वळलेले असतात, पण मानेवर कोठें आडवे तर कोठें चक्क वर जाणारे आढळतात. आपल्या शेतांतील पाट कोणत्या अंगानें वाहतात हें जसें शेतकऱ्याला ठाऊक असतें, तसा हा नकाशा बोटांनीं चांचपून एकदां पाठ करावा. पहिला हात सुलट, म्हणजे केसांच्या कलानें. अधिक साफ हवें असेल तर पुन्हां फेस लावून दुसरा हात आडवा. उलट हात मात्र ज्याच्या मानेवर पुटकुळ्या येतात त्यानें वर्ज्य समजावा. कारण कुरळा केस अति खोल कापला गेला म्हणजे वाढतांना त्याचें टोंक वळून पुन्हां कातडींतच शिरतें, आणि कांटा रुतावा तशी तेथें गांठ सुजते. कातडी ताणून धरल्यानेंहि हेंच घडतें.

पात्याविषयीं एक चमत्कारिक गोष्ट २०२० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. पोलाद केसापेक्षां सुमारें पन्नासपट कठीण. तरीहि धार केसाकडूनच बिघडते. ती नुसती झिजून गोल होत नाहीं, तर केस वांकला असतां, पोलादाची घडण जेथें एकसारखी नसते तेथें, तिचे सूक्ष्म टवके उडतात. अशा पात्यावर जोर करणें म्हणजे कंरवतीनें गाल साफ करणें होय. पांचसात दाढ्यांनंतर पातें बदलावें, असें त्वचारोगांचे डॉक्टर सांगतात. आणि आमच्या दमट हवेंत रेझर झटकून सुक्या जागीं ठेवावा. शेवटीं थंड पाणी, आणि पंचानें पुसणें नव्हे तर नुसतें टिपणें. तुरटी बारीक जखमेचें रक्त थांबविते. परंतु ती सबंध तोंडावर रोज घांसली तर कातडी कोरडी पडते.

हें सारें शास्त्र आम्हांला खऱ्या अर्थानें कामीं आलें तें स्वतःच्या तोंडासाठीं नव्हे. आमचे वडील चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतों, ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सारी हयात त्यांनीं शाळामास्तरकींत घालविली. दाढी झाल्याशिवाय ओटीवर येऊन बसावयाचें नाहीं, हा त्यांचा आजन्माचा नेम. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. गालांवर ओरखडे दिसूं लागले. घरांतील मंडळींनीं सुचविलें कीं, आतां दाढी वाढूं द्यावी. या वयाला ती शोभतेहि. तात्या कांहीं बोलले नाहींत. पण त्यांनीं ओटीवर येणें सोडलें. वर्तमानपत्र आंतच वाचूं लागले, भेटीस येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना ‘झोंपलों आहें म्हणून सांगा’ असा निरोप जाऊं लागला, आणि जेवण निम्म्यावर आलें. एके सकाळीं त्यांनीं आपला रेझर आमच्या हातीं ठेवला. “तूंच कर आतां,” ते म्हणाले, “पण दाबूं नकोस.”

स्वतःची दाढी करतांना गाल हाताला खबर देत असतो. दुसऱ्याच्या गालावर ती खबर मिळत नाहीं. ती डोळ्यांनीं वाचावी लागते, पापणीच्या बारीकशा आकुंचनावरून, आवळलेल्या ओठावरून. म्हणून येथें एकहि नियम गाळून चालत नाहीं. कोमट पाण्यांत पिळलेला पंचा तीन मिनिटें तोंडावर ठेवावयाचा. म्हाताऱ्या कातडीची सुरकुती बोटानें नुसती सपाट धरावयाची, ताणावयाची नाहीं. आणि सुलट हातानें जेवढें निघेल तेवढ्यावर समाधान मानावयाचें. गुळगुळीतपणाचा हव्यास सोडला कीं निम्मी आग तेथेंच विझते. या कामास पंधरा मिनिटें लागतात, आणि पंचाखालून तात्या त्या वेळांत जुन्या रहाटांच्या आणि पानमळ्यांच्या गोष्टी सांगतात. पुतण्या प्रथम उंबऱ्यांत उभा राहून नुसता पाहत असे. त्याला कोणीं उपदेश केला नाहीं. पण पुढें तो दहा मिनिटें लौकर उठूं लागला, आणि कांहीं आठवड्यांनीं त्याची कॉलर आपोआप खालीं आली.

तात्या आतां पुन्हां सकाळीं ओटीवर बसतात. दाढी करतांना गाल होईपर्यंत त्यांचें बोलणें चालूं असतें. गळ्याची पाळी आली म्हणजे ते गप्प होतात, डोळे मिटतात आणि मान वर करतात. त्या वेळीं रेझरच्या वजनाखेरीज दुसरें कसलेंहि ओझें त्या गळ्यावर पडूं नये, एवढीच काळजी आम्ही घेतों.