दारातली कण्हेर

गेल्या रविवारी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी घरी आली. तिचा विषय संगणकशास्त्र, मी शिकवते मराठी. कॉलेजच्या वार्षिक अंकातल्या मराठी विभागासाठी तिने आपल्या प्रकल्पावर लेख लिहिला होता, तो तपासून हवा होता. घरी कन्नड, शाळा मराठी, त्यामुळे भाषा आपल्याकडची, दोन्हींकडे पाय असलेली. लेखाचे नाव 'म्हातारपणावर औषध'.

"सापडलं का गं खरंच?"

"नाही मॅडम, संगणक शोधतोय."

वय झाले की शरीरातल्या काही पेशी विभागायचे थांबतात, पण मरत नाहीत. बसल्या जागी दाह वाढवणारी द्रव्ये सोडून शेजारच्या पेशींनाही बिघडवतात. (असा एखादा प्रत्येक स्टाफरूममध्ये असतोच, ते असो.) नेमक्या तेवढ्याच पेशी मारणारे औषध हवे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे काम संगणकाला दिले. असा गुण असलेली ५८ द्रव्ये आणि नसलेली सुमारे अडीच हजार दाखवून त्याला शिकवले आणि मग ४,३४० द्रव्यांची यादी समोर ठेवली. त्याने २१ निवडली. माणसाच्या पेशींवर प्रयोगशाळेत तपासल्यावर तीन कामाची निघाली. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ही मुलगी तीच पद्धत आपल्या लॅपटॉपवर करून पाहते आहे.

"एकवीसमधली तीनच?" मी नाक मुरडले.

"मॅडम, नाहीतर सगळीच तपासत बसायला लागली असती."

त्या तिघांतले एक ओलिअँड्रिन. "म्हणजे आपली कणगिले," म्हणत तिने खिडकीबाहेर बोट दाखवले. परसात कण्हेर फुलली होती.

मी दचकलेच. या झाडाखाली आम्ही लहानाचे मोठे झालो ते आईची बोलणी खात. पान तोंडात घालू नका, हात धुवा. शेजारच्या अज्जी कन्नडमध्ये तेच ओरडायच्या, "मुट्टब्याड, विष ऐति!" ते विष म्हणजे हेच ओलिअँड्रिन, थेट हृदयावर जाणारे. म्हातारी पेशी मरेल का, एवढेच संगणकाला विचारलेले. तेवढेच त्याने सांगितले.

कण्हेर विषारी आहे, घरी काढाबिढा करू नये, हे पहिल्याच परिच्छेदात घाल, असे मी तिला सांगितले. ती हिरमुसली. "मग पुढचं कोण वाचणार?" थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "अज्जीनं विचारलं, माझ्या वेळेला मिळेल का औषध. मी हो म्हटलं."

यावर मला काही दुरुस्त करता आले नाही. परिच्छेद मात्र मी घालायला लावला.

आई आता ८२ वर्षांची आहे. आतल्या खोलीतून ती सगळे ऐकत होती, हे माझ्या लक्षात आले नव्हते. संध्याकाळी पाहते तर काठी टेकत कण्हेरीपाशी उभी. मी धावतच गेले.

"आई, पान तोडू नकोस हं!"

"फुलं काढतेय गं, देवाला." चार फुले माझ्या ओंजळीत टाकून ती वळली. "ठेव ती, आणि हात धू साबणानं."