एका बॅटरीचा संसार

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत इंग्रजी शब्द फार, त्याबद्दल आधीच सॉरी! पण 'रिले'ला मराठीत काय म्हणतात, हे आमच्या गॅरेजवाल्या काकांनाही माहीत नाही.

दादा ऑगस्टमध्ये मोटारसायकलवरून पुण्याहून आंबोलीमार्गे गोव्याला निघालाय. त्याला दोन फॉग लॅम्प आणि मोबाईल चार्जर हवाय. आईची अट एकच : "घाटात अंधार होता कामा नये." वायरिंग अर्थातच माझ्याकडे आलं.

आधी हिशोब. 20 वॅटचे दोन लॅम्प, 15 वॅटचा चार्जर, एकूण 55 वॅट. भागिले 12 व्होल्ट, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. त्यात एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत पेटलेलाच. अल्टरनेटरची कमाई खर्चाला पुरली नाही, तर बॅटरी उपाशी आणि सकाळी स्टार्टर गप्प!

हेडलाइटच्याच वायरला सगळं जोडणं सोपं असतं. पण बारीक वायर तापते, इन्सुलेशन वितळतं. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड वायर घेतली. बॅटरीलगतच मुख्य फ्यूज, पुढे रिले, मग प्रत्येकाला आपापला फ्यूज. किल्ली काढली की रिले सुटतो, सगळं बंद. मुख्य फ्यूज असतो तो वायरला वाचवायला, चार्जरला नव्हे!

दोस्तांनो, परीक्षेत ओहमचा नियम दोन मार्कांचा असतो. आंबोलीच्या धुक्यात चार्जर शॉर्ट झालाच, तर त्याचा एकट्याचा फ्यूज उडेल. दादाचे दिवे चालूच राहतील.