इस्पितळ आणि मोडशी

दोन शब्दांची देवाणघेवाण सांगतो. एक शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिला, एक आपण त्यांना दिला.

त्यांनी दिलेला शब्द 'इस्पितळ'. घाटावरचा मराठी माणूस रुग्णालय म्हणेल, दवाखाना म्हणेल, पण आपल्या तोंडी आणि आपल्या वर्तमानपत्रांत अजूनही इस्पितळच असते. आपण दिलेला शब्द 'मोडशी'. आज पोट जरा बिघडले, अपचन झाले, की आपण म्हणतो मोडशी झाली. पण चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी हा शब्द ऐकून माणसे घाबरत. मोडशी म्हणजे पटकी, कॉलरा. 'मोडणे' या क्रियापदावरून आलेला शब्द, ज्यात माणूस मोडून पडतो तो आजार. पोर्तुगीजांनी त्याचे 'मोर्देशी' केले. पुढे फ्रेंचांच्या कानावर तो गेला आणि त्यांनी तो आपल्या भाषेत बसवला तो 'मॉर द शियें' असा. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो कुत्र्याचे मरण! शब्दाची व्युत्पत्ती चुकली, पण आजाराचे वर्णन मात्र चुकले नाही.

हे दोन शब्द जिथे एकमेकांना भेटले ती जागा आपल्या जुन्या गोव्यात आहे.

जुन्या गोव्याला आपण जातो ते सायबाच्या फेस्ताला, नाहीतर पाहुण्यांना चर्च दाखवायला. बॉम जेझूस, से कॅथेड्रल, फार तर सेंट कॅथरिनचे छोटे कपेल पाहायचे आणि परतायचे. त्याच परिसरात, मांडवीच्या बाजूला, एकेकाळी 'ऑस्पिताल रेआल' म्हणजे राजाचे इस्पितळ होते. 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला आणि लगेच जखमी व आजारी शिपायांसाठी ते सुरू झाले. 1542 मध्ये त्याचा कारभार 'मिझेरिकॉर्दिया' या धर्मादाय संस्थेकडे गेला आणि त्या शतकाच्या अखेरीस जेजुइट पाद्रींकडे. इस्पितळ होते ते पोर्तुगीज शिपायांसाठी. आपल्या माणसांसाठी नव्हे.

1608 साली फ्रांस्वा पिरार नावाचा एक फ्रेंच माणूस तिथे आजारी म्हणून दाखल झाला. मालदीवजवळ जहाज फुटून, अनेक हाल सोसून तो गोव्याला पोचला होता. या इस्पितळाचे त्याने केलेले वर्णन वाचताना आपण एखाद्या पंचतारांकित हॉटेलाविषयी वाचतो आहोत असे वाटते. लाखेचा रंग दिलेले पलंग, मऊ गाद्या, स्वच्छ पांढऱ्या चादरी. जेवायला कोंबडी, आणि ती चांदीच्या ताटवाट्यांतून! जगात याहून चांगले इस्पितळ नसेल असे त्याचे मत. पिरार तिथून बरा होऊन बाहेर पडला, म्हणून हे सगळे आपल्याला वाचायला मिळाले.

पण बाहेर न पडलेल्यांचे काय?

पिरारच्या आधी, 1583 ते 1588 या काळात लिन्सखोटेन हा डच माणूस गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याने लिहून ठेवले आहे की राजाच्या इस्पितळात दरवर्षी निदान पाचशे माणसे जिवंत आत जातात आणि मेल्यावरच बाहेर येतात. सी. आर. बॉक्सर या इतिहासकाराने दिलेला आकडा तर याहून मोठा आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एकाच इस्पितळात 25,000 शिपाई मेले. हिशेब करून पाहा. रोज दोनांहून अधिक, आणि तेही सलग तीस वर्षे. चांदीची ताटे रोज घासून ठेवली जात असतील आणि रोज दोन ताटांचे धनी बदलत असतील.

ही माणसे कोण होती? बहुतेक गरीब घरची पोरे, काही शिक्षा म्हणून पाठवलेले कैदी. लिस्बनहून निघालेले जहाज गोव्याला पोचायला सहा-सात महिने लागत. ताजी भाजी नाही, फळ नाही. हिरड्या सुजून कुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. हा स्कर्व्ही. त्यात जहाजावरचा ताप आणि रक्ती हगवण. जहाज मांडवीत शिरेपर्यंत कित्येकांना समुद्रातच सोडून द्यावे लागे. उरलेले इस्पितळात येत ते आधीच अर्धे मेलेले. आणि ज्या शहरात ते उतरत ते शहर मोडशीचे.

1543 सालच्या साथीचे वर्णन गास्पार कोर्रेया या बखरकाराने केले आहे. आजाराचे नाव तो आपलेच देतो. शंभरांना लागण झाली तर जेमतेम दहा वाचत, असे तो म्हणतो. इतकी माणसे मरत की चर्चच्या घंटा सारख्या वाजू लागल्या. लोक घाबरू नयेत म्हणून गव्हर्नरने मेलेल्यांसाठी घंटा वाजवायलाच बंदी केली. मग इस्पितळात या आजाराने मेलेल्या एका माणसाचे शरीर शस्त्रवैद्यांकडून उघडून पाहायचा हुकूम झाला. काय सापडले? सगळे शरीर ठीक, फक्त पोट आक्रसून कोंबडीच्या पोटाएवढे लहान झालेले आणि भाजलेल्या कातड्यासारखे सुरकुतलेले.

हे वाचून मी थांबलो. सगळे रहस्य त्यांच्यासमोर उघडे पडले होते. माणूस सुकून मेला होता. शरीरातले पाणी गेले होते. पण ते तसे वाचायची विद्या त्या काळी कुणाकडेच नव्हती. पटकीचा जंतू पाण्यातून येतो आणि शरीरातले पाणी नेतो हे कळायला एकोणिसावे शतक यावे लागले. तोवर जुन्या गोव्यात जांभ्या दगडाच्या सच्छिद्र जमिनीत संडासांचे खड्डे आणि विहिरी शेजारी शेजारी नांदत होत्या. श्रीमंतांसाठी बायंगिणीच्या झऱ्याचे पाणी घागरींतून विकत मिळे. बाकीच्यांसाठी घरची विहीर.

इस्पितळातले उपचार काय होते? मुख्य उपचार रक्त काढण्याचा. पिरारनंतर सुमारे चाळीस वर्षांनी तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या गोव्याला आला तेव्हा इस्पितळाची रया गेली होती. तो सांगतो, एकेका रोग्याचे तीस-चाळीस वेळा रक्त काढतात. आणि पुढे जे सांगतो ते वाचून अंगावर काटा येतो. बरे होऊ लागलेले गरीब रोगी तहानेने व्याकूळ होऊन घोटभर पाणी मागत. सेवक म्हणत, वैद्याची परवानगी नाही. मग हातावर काही ठेवले की तेच सेवक चोरून पाणी देत.

एकेकाळच्या चांदीच्या ताटांच्या इस्पितळात पाण्याचा घोट लाच देऊन मिळत होता! ज्याला पाणी हेच औषध होते त्याला सोडून सगळे काही दिले जात होते.

आणि इस्पितळाच्या भिंतीबाहेर? 1534 साली गोव्याला आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात मोडशीविषयी लिहिले आहे. दहा तासांत मेलेली माणसे आपण पाहिली असे तो सांगतो. इथले लोक काय करतात तेही तो नोंदवतो. ते रोग्याच्या पायाला डाग देतात. आणि मिरे, जिरे घालून तांदळाचे पाणी पाजतात, त्याला कांजी म्हणतात. म्हणजे आपली पेजेची निवळच की! पोर्तुगीज अधिकारी, अगदी व्हाइसरॉयसुद्धा, आपल्यासाठी हिंदू वैद्यांना बोलावत. 1618 मध्ये नगरपालिकेने अशा वैद्यांची संख्या तीसवर मर्यादित केली, तरी त्यांच्यावाचून चालले नाही.

आता छाती फुगवून 'आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' असे म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. डाग आणि निवळ दोन्ही एकाच हाताने दिले जात होते. त्यातले तारणारे कोणते आणि मारणारे कोणते हे त्या हातालाही ठाऊक नव्हते. शंभरांतले दहाच वाचत, ते आपल्या घरांतही फार वेगळे नसणार. फरक एवढाच की आपल्या मेलेल्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही. 25,000 हा आकडा राजाच्या शिपायांचा आहे. पागोळ्यांखालच्या सारवलेल्या जमिनीवर मोडून पडलेल्या कुळांचा आणि गुलामांचा आकडा नाही.

शिवाय आमच्या लहानपणी गावात काय होते? जुलाब लागलेल्या पोराचे पाणी तोडायचे! पाणी दिले की जुलाब वाढतात, अशी पक्की समजूत. माझी आजी मात्र पेजेच्या निवळीत मिठाचा खडा टाकून वाटीवाटीने पाजायची. का, असे विचारले तर तिला सांगता आले नसते. शेजारणी तिला नावे ठेवत.

त्या 'का'चे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. मीठ आणि साखर बरोबर असली की आजारी आतडेही पाणी शोषून घेते. तांदळातला पिठूळ अंश पोटात गेला की त्याचीही साखरच होते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकडून रोग्यांना पाजवले. शंभरांत तीसच्या घरात असलेले मृत्यू चारच्याही खाली आले. तिथे चांदीची ताटे नव्हती. धड खाटाही नव्हत्या.

राजाचे इस्पितळ जुन्या गोव्यातून पाणेलीला गेले, तिथून पणजीला. 1842 मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा निघाली, मुक्तीनंतर तिचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, आणि आज बांबोळीच्या गोमेकॉत भिंतीच्या आतला आणि बाहेरचा असा भेद न करता सगळ्यांनाच खाट मिळते. मोडशीसुद्धा आता शब्दापुरतीच उरली, आंबट ढेकर आणि दोन दिवसांचा लंघनाचा बेत एवढाच तिचा दरारा.

तरीही घरात कुणा लहानग्याला जुलाब लागले आणि एखादे वडीलधारे माणूस म्हणाले की पाणी नको देऊ, तर त्यांच्याशी वाद घालू नका. शब्दांत वेळ जाईल. वाटीत निवळ घ्या, मीठ टाका आणि चमचा चमचा पाजत राहा.