ते त्यांचे तास आहेत, मामा

अर्ज लिहून देणारा म्हणून अकोल्यात माझं बरं नाव आहे. शिक्षकभरती, तलाठी, बँक, कृषी विद्यापीठातली कारकुनी, सगळे मसुदे तोंडपाठ. पण परवा अमरावतीच्या भाचीनं विमान कंपनीला पाठवायचं कव्हर लेटर माझ्यापुढं ठेवलं आणि बाप्पा, त्या एका पानावरून माझी नजरच हटेना!

त्यात ‘मेहनती’ नाही, ‘होतकरू’ नाही, ‘लहानपणापासूनचं स्वप्न’ तर औषधालाही नाही. पहिल्या ओळीत पद आणि लायसन्स. त्याखाली लगेच तास! एकूण उड्डाण किती, दोन इंजिनांच्या विमानावर किती, रात्रीचे किती, बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर किती, गेल्या सहा महिन्यांत किती. आणि एक रकाना पीआयसीचा.

“हे काय असते वं?”

“पायलट इन कमांड. मामा, तेव्हा विमान माझ्या हवाली असते. बहुतेक वेळा बाजूच्या सीटवर कोणीच नसते.”

आकडा शंभराच्या वर होता. म्हणजे परवापरवापर्यंत आमच्या अंगणात लंगडी खेळणारी ही पोर इतके तास गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून एकटी आभाळात जात होती आणि आम्ही इकडे ‘पोरगी शिकते’ एवढंच म्हणत होतो! डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, नियमच तसा आहे म्हणे. व्यावसायिक लायसन्सला किमान २०० तास हवेत, त्यातले १०० पीआयसी. शिवाय ३०० नॉटिकल मैलांचं एक उड्डाण स्वतःच्या हिमतीवर, वाटेत दुसऱ्या दोन धावपट्ट्यांवर उतरून. ३०० नॉटिकल मैल म्हणजे साडेपाचशे किलोमीटर! विदर्भ एक्स्प्रेसमध्ये घोरत आपण अकोल्याहून मुंबई गाठतो ना, जवळपास तेवढं.

प्रत्येक तासाची नोंद लॉगबुकात: तारीख, विमान, कुठून कुठे. मुलाखतीला ते लॉगबुक समोर ठेवायचं. मग विशेषणं हवीत कशाला? इतका निर्भीड अर्ज माझ्या हातून आजवर झाला नाही, आणि तलाठ्याच्या अर्जात तो चालणारही नाही म्हणा.

मला तर चेवच चढला. सौदामिनी देशमुखांचं नाव काढलं. १९८५ मध्ये त्यांनी निवेदिता भसीनला सोबत घेऊन इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कोलकात्याहून सिल्चरला नेलं होतं, कॉकपिटमध्ये दोघीही बायकाच. “हे टाक न एका ओळीत, प्रेरणा म्हणून!”

“ते त्यांचे तास आहेत, मामा.”

पुढची गंमत ऐका. पत्र कंपनीगणिक बदलतं. ही कंपनी एटीआर उडवते, म्हणून दोन इंजिनांचे तास वर आले. ते विमान उडवायला लागणारं टाइप रेटिंग अजून नाही, हेही तिनं सरळ लिहिलं. झाकायचं काहीच नाही! क्लास वन मेडिकल कधीपर्यंत चालू, इंग्रजीच्या परीक्षेत कोणती पातळी, रुजू कधी होऊ शकते, आणि खाली सही.

एटीआर म्हणजे तेच, १६ एप्रिल २०२५ ला मुंबईहून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरलेलं पहिलं प्रवासी विमान. तिथंच एअर इंडियाची वैमानिक शाळा ठरली आहे, वर्षाला १८० पायलट घडवायचे म्हणतात. (आमची अकोल्याची शिवणीची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली, पण ती लांब होण्याच्या नुसत्या बातम्याच आम्ही वाचतो. अमरावतीकरांनी हसू नये.)

म्हणून मी म्हटलं, “मंग शेवटी लिही, पोस्टिंग अमरावतीला द्यावी.”

“मामा, बेलोऱ्याला विमान येते अन् जाते. मुक्कामाला राहत नाही!” असं म्हणून तिनं लिहिलं: भारतात कुठेही.