राबावर टाकलेली गुळवेल

परवा राब भाजायचा म्हणून बांधावरच्या ऐनाच्या डहाळ्या तोडल्या. झाडावर अंगठ्याएवढी जाड गुळवेल चढली होती. ती बुडासकट उपटली अन् राबावर टाकली. वाडीवरची कातकरी आजी मोळी घेऊन चालली होती, ती थांबलीच.

"दादा, औषाद जाळतूस व्हय रं? अन् बुडासकट उपटली? बुडाला हातभर सोडून कापायची. वरची लोंबती ठेवली तरी मुळ्या सोडती. म्हातारी वेल घ्यायची, कवळी ठेवायची."

पस्तीस वर्षं भातशेती करतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

कातकरी हे नाव कातावरून पडलं. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढायचा, हा त्यांचा स्वतःचा धंदा. इंग्रजांच्या काळात जंगलं राखीव झाली, खैर तोडायला बंदी आली अन् धंदा बसला. मग कोळसाभट्टी, वीटभट्टीची उचल आणि आमच्या खाचरातली लावणी. धंदेवाला माणूस मजूर झाला.

पण ठाणे जिल्ह्यात शहापूरला उलटं घडलंय. सुनील पवार या कातकरी तरुणानं दहा-बारा मित्र जमवून गुळवेल गोळा करायला सुरुवात केली. संस्था काढली, वनधन योजनेची मदत मिळाली. २०२१ साली डाबरसारख्या आयुर्वेद कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची १ कोटी ५७ लाखांची ऑर्डर आल्याची बातमी होती. ही योजना २०१८ ची. वीस-वीस जणांचे पंधरा बचत गट मिळून ३०० जणांचं एक केंद्र होतं. वेल तोडायची, तुकडे करून वाळवायचे, भुकटी करायची. वनहक्क कायदा २००६ नुसार गौण वनोपज गोळा करायचा अन् विकायचा हक्क त्यांचाच आहे.

एवढ्या मोठ्या ऑर्डरीत एक धोका आहे. आज माल भरायचा म्हणून वेली उपटल्या तर पुढच्या साली माल कुठनं आणणार? तिथं आजीचा नियमच कामाला येतो. आपण त्याला जुनी चालरीत म्हणतो. मला तर ते धंद्याचं भांडवल वाटतं.

आपल्या मावळात अजून तसं मोठं काम माझ्या बघण्यात नाही. लोणावळ्याला रस्त्याच्या कडेला बाया पानाच्या द्रोणात करवंदं-जांभळं घेऊन उन्हात बसतात. गाडीवाला काच खाली करून दहा रुपयांसाठी घासाघीस करतो.

आता माझ्या मनातलं खरं सांगतो. आजी गेल्यावर पहिला विचार आला, ही मंडळी असल्या धंद्याला लागली तर आषाढात माझी लावणी कोण करणार? लाज वाटली. म्हणजे त्यांची गरिबी मी माझ्या शेतीच्या हिशेबात धरूनच चाललो होतो. लावणीला माणसं पाहिजेत तर रोज वाढवू, नाहीतर यंत्र बघू. त्यांनी अडकून राहावं, हा काही उपाय नव्हं.

राबावरची वेल ओलीच होती. काढून आजीच्या अंगणात नेऊन दिली. तिनं एक कांडं बाजूला काढलं अन् म्हणाली, "हे बांधावर खोचून ये."

खोचलंय. पाऊस पडला की कळंल.