दोन डोळ्यांचे दोन पांढरे

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून मला प्रत्येक भिंतीवर दोन पांढरे दिसतात. डावा डोळा झाकला की भिंत निळसर, उजवा झाकला की तीच भिंत सायीच्या रंगाची. डॉक्टरांना यात काही नवल नव्हतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि उजेडातला निळा अडवतं. इतकं सावकाश, की ज्याचा डोळा त्यालाच पत्ता नसतो. भिंग बदललं की अडलेला निळा एकदम आत येतो. चित्रकार क्लोद मोनेने १९२३ साली फक्त उजवा डोळा करून घेतला होता, डाव्याला नकार दिला आणि पुढे जुन्याच चित्रांवर पुन्हा ब्रश फिरवत बसला. माझ्या भिंती लोकांच्या घरात आहेत. तिथे परत जाऊन ब्रश फिरवता येत नाही.

माझा एक खास पांढरा होता. शेड कार्डावर मिळणारा नव्हे. जुने रंगारी चुन्याच्या सफेदीत नीळ घालत, त्या आठवणीवर बेतलेला, निळ्याचा अंश असलेला. साइटवरचे रंगारी त्याला ‘मॅडमचा पांढरा’ म्हणत. त्याचं प्रमाण मी कुणाला लिहून दिलं नाही. तरुण जोडपी कधीकधी कुरकुरत, ‘जरा हॉस्पिटलसारखं वाटतंय.’ त्यांच्या सासू-सासऱ्यांना मात्र तो फार आवडायचा. मी त्याचा अर्थ काढला होता की जुन्या माणसांना नजर असते. नजर वगैरे काही नव्हतं, भिंग सारखं होतं. हे कळूनसुद्धा ती जुनी कौतुकं मी मनातून काढून टाकलेली नाहीत.

वाघोलीत पांढरा निवडणं तसंही जिकिरीचं. खाणी-क्रशरची धूळ आणि नगर रस्त्याचा धूर यांचा थर खिडकीच्या कडेपासून सुरू होतो. २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. टॉवर त्याच्या आधीपासूनच उठत होते. आता पाचव्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आभाळाचा उजेड थेट येतच नाही, समोरच्या इमारतीवर आपटून येतो. समोरच्या बिल्डरने विटकरी पट्टा मारला असेल तर दुपारी तुमचा पांढरा गुलाबी. गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर त्याला वाटतं मी बिल वाढवायला बघतेय.

पण मला खरा छळणारा प्रश्न संध्याकाळी आठचा आहे. खराडीच्या ऑफिसातून थकून आलेली सून आणि परभणीहून कायमच्या राहायला आलेल्या आजी एकाच हॉलमध्ये बसतात. सुनेला दिवसभराच्या स्क्रीननंतर मंद, पिवळा, फॉल्स सीलिंगच्या खोबणीतून झिरपणारा उजेड हवा असतो. तिचं चुकत नाही. डोळ्याच्या पडद्यात निळ्या उजेडाने जाग्या होणाऱ्या, बघण्यापेक्षा दिवस-रात्र ओळखणाऱ्या पेशी आहेत, हे २००२ साली दाखवलं गेलं. रात्री साडेसहा हजार केल्विनच्या पांढऱ्याफटक पॅनेलखाली बसलं की झोप लांबते, ती त्यामुळे. आणि आजी? साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो, असं आमच्या धंद्यात धरून चालतात. त्यातून तो छतावर आपटून आलेला आणि पिवळा. सून म्हणते, ‘किती शांत वाटतं ना?’ आजी म्हणतात, ‘बाई, दिवस मावळला की या घरात मला अंधारून येतं.’ संध्याकाळी त्या चिडचिड करतात, अशी मुलाची तक्रार.

मी डिमर लावून पाहिले. रंग बदलणारे दिवे लावले, तर रिमोट मुलाच्या हातात. आजींच्या खांद्यामागून चार हजार केल्विनचा वाचनदिवा दिला, तर त्याची चकाकी टीव्हीच्या काचेत. टीव्ही सरकवला, तर सोफा दारात. दिव्याचं बटण भिंतीवर चार फुटांवर. आजी खाली बसतात, त्यांना दर वेळी गुडघ्यावर हात टेकून उठावं लागतं. बटण खाली घेतलं, तर नातू दिवसभर दिवा चालू-बंद करतो. मग मी सुनेसाठी डावा डोळा झाकून बसायचं, आजींसाठी उजवा झाकून बसायचं, त्यांच्यासारखं जमिनीवर बसायचं. माझ्या हाताखालची मुलगी चोवीस वर्षांची आहे. मी रंगाचा नमुना पसंत केला की ती वही उघडून विचारते, ‘मॅडम, कोणत्या डोळ्याने?’ आणि तसं लिहूनही ठेवते.

पंचेचाळीस दिवसांत घर सजवून देणाऱ्या कंपन्यांना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्या थ्री-डी चित्रात कुणी म्हातारं नसतं, खिडकीला धूळ नसते आणि बाहेर कायम सकाळ असते. मनःशांतीचं पॅकेज म्हणजे हिरवी भिंत, तागाचा गालिचा आणि बुद्धाचं मुंडकं. मुंडकं माझ्याही दोन घरांत आहे, गिऱ्हाइकानेच आणलं होतं. वास्तुवाल्यांना मी आयुष्यभर हसले, पण ते निदान कोण कुठे झोपतं हे तरी विचारतात.

केसनंद फाट्याजवळच्या त्या घरात शेवटी आजींना उभा दिवा दिला. जाड टोपीचा, बटण वायरवरच, हाताशी. टीव्हीत चमकत नाही. मुलाच्या मते त्याने हॉलचा लूक गेला, आणि खरं सांगायचं तर गेलाच आहे. काम संपल्यावर फोटो काढायला गेलो तेव्हा मी दिवा बाजूला ठेवायला सांगितलं. आजी म्हणाल्या, ‘मग मी पण उठू का?’

नाही नाही, बसा, असं मी म्हणाले. उठल्या तर फ्रेम बरी येईल, हे माझ्या मनात त्यांच्या आधी येऊन गेलं होतं.