फ्युर्टची बोलकी कपाटे

न्यूरेंबर्गला जाणारा प्रवासी तेथील किल्ला पाहतो, ड्यूरर ह्या चित्रकाराचे घर पाहतो, आणि १९४५-४६ साली नाझी पुढाऱ्यांवरील खटला जेथे चालला ते न्यायमंदिर पाहून माघारी वळतो. त्याच रस्त्याने पश्चिमेस आणखी थोडे गेले की फ्युर्ट हे गाव लागते; पण तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. मला मात्र ह्या प्रवासात मुख्यत्वे पाहावयाचे होते ते फ्युर्टच. त्याचे कारण पुण्यास आमच्या दिवाणखान्यात एका जुन्या चादरीखाली झाकून पडलेले होते.

ते कारण म्हणजे एक रेडिओग्राम. माझे थोरले काका शिक्षणाकरिता जर्मनीस गेले होते. १९६१ साली परतताना त्यांनी तो बोटीने आणला. चार फूट लांबीचे, अक्रोडाच्या लाकडाचे, आरशासारखे चकचकीत कपाट. एका झाकणाखाली रेडिओ, दुसऱ्याखाली तबकड्यांचे यंत्र, आणि सोनेरी कापडाआड दोन्ही बाजूंस स्पीकर. उजवा आवाज उजवीकडून व डावा डावीकडून यावा, ही जी स्टीरिओची करामत, ती तेव्हा अगदी नवी होती. यंत्रास चार गती असल्यामुळे आजोबांच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही त्यावर वाजत. तिन्हीसांजेला शुभंकरोति झाली, की आजोबा अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावीत, आणि स्वयंपाकघरातील मंडळीही हातचे काम टाकून उंबऱ्याशी येऊन बसत.

पुढे वीस-बावीस वर्षे तो बंद पडून राहिला. तीन वर्षांमागे मी एका कारागिरास बोलाविले. त्याने काही न पाहता एकदम विजेची कळ दाबली. जळका वास आला, धूर निघाला, आणि सारे शांत झाले. दुसरा कारागीर आला तो म्हणाला, “आतले सगळे भंगारात काढा. पेटीत नवा ब्लूटूथ बसवून देतो. शोभा तशीच राहील.” मी जवळजवळ होकार देऊन चुकलो होतो. इतक्यात सौ. म्हणाली, “अहो, जर्मनीस जाताच आहात, तर ज्यांनी ही पेटी घडविली त्यांच्या देशात एकदा विचारून तरी या.”

माझी भाची एर्लांगेनला असते. तिच्यासह एके सकाळी न्यूरेंबर्गहून भुयारी गाडीने निघालो. ७ डिसेंबर १८३५ रोजी ‘आडलर’ म्हणजे ‘गरुड’ नावाच्या इंजिनाने जर्मनीतील पहिली आगगाडी ओढली, ती ह्याच दोन गावांमध्ये. ‘शहराची सीमा’ अशा अर्थाच्या नावाचे एक स्थानक आहे. तेथे उतरून थोडे चालले की फ्युर्टचे रेडिओ-संग्रहालय लागते. एके काळी ही इमारत ग्रुंडिग कंपनीची मुख्य कचेरी होती.

अशा संग्रहालयात दिसते काय, तर ओळीने मांडलेल्या पेट्या. परंतु त्या पेट्यांतून एका राष्ट्राचे अर्धे शतक बोलते. १९३३ सालचा ‘लोकांचा रेडिओ’ पाहा. किंमत ७६ मार्क, म्हणजे सामान्य माणसास परवडेल अशी. आणि नावातील ३०१ हा आकडा ३० जानेवारीचा, हिटलर सत्तेवर आला त्या दिवसाचा. त्याच पेटीतून हिटलरचा आवाज घरोघर शिरला, आणि युद्ध सुरू होताच परकी केंद्रे ऐकणे हा गुन्हा ठरला. पेटी बिचारी निर्दोष. पण घराच्या मध्यभागी आपण कोणास बोलू देतो, हा प्रश्न लहान नव्हे, हे तिच्यापुढे उभे राहिले म्हणजे मनास पटते.

युद्धानंतरची कथा अधिक मनोरंजक आहे. माक्स ग्रुंडिग ह्या गृहस्थाने १९३० साली फ्युर्टमध्ये रेडिओचे दुकान घातले होते. पराभवानंतर रेडिओ बनविण्यास दोस्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांचा परवाना लागे. ह्याने १९४६ साली युक्ती काढली. रेडिओचे सुटे भाग जुळवावयाचा एक संच त्याने विकावयास काढला. त्यात व्हॉल्व्ह नव्हते, म्हणून कायद्याने तो रेडिओ नव्हे, खेळणे ठरले! व्हॉल्व्ह ज्याचे त्याने पैदा करावे. संचाचे नाव ‘हाइन्झेलमान’, म्हणजे जर्मन लोककथांतला, रात्री गुपचूप घरची कामे उरकून जाणारा बुटका. त्या बुटक्यानेच पुढचा प्रचंड कारखाना उभा केला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ह्या पेट्यांचा आवाज इतका गोड का, ह्याचे उत्तरही तेथेच मिळाले. १९४८ साली कोपनहेगनच्या परिषदेत युरोपातील मध्यम लहरींची वाटणी झाली, तीत पराभूत जर्मनीच्या पदरी फारच थोडे आले. निरुपायाने जर्मनांनी १९४९ पासून अतिलघु लहरींवर, म्हणजे ज्यास आपण एफ. एम. म्हणतो त्यावर, प्रक्षेपण सुरू केले. तीत खरखर कमी आणि बारीक स्वरही स्पष्ट येत. असा स्वच्छ आवाज घरी येऊ लागला, तेव्हा त्यास साजेसे मोठे स्पीकर आणि ते सामावतील अशी मोठी कपाटे हवीच होती. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या, १९६३ साली जर्मनीत स्टीरिओ प्रक्षेपणही सुरू झाले. नशिबाने दिलेल्या तोकड्या वाट्यातून हे वैभव निघाले. पुढे काळ पालटला. २००३ साली ग्रुंडिग कंपनीचे दिवाळे निघाले.

दुपारी भाचीच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांच्या तळघरात अशी अकरा कपाटे होती. मी किमतीविषयी विचारले, तेव्हा ते हसले. लहान रेडिओला गिऱ्हाईक मिळते. ह्या धुडांना लोक फुकटही नेत नाहीत, कारण आताच्या घरांत जागा नाही. मग कोणी आतील ॲम्प्लिफायर तेवढा काढून विकतो, आणि उरलेल्या कपाटाचे मद्याच्या बाटल्यांचे फडताळ होते. तसे एक पोकळ कपाट त्यांनी दाखविले. बाहेरून निर्दोष, आत केवळ भोके! मला आमच्या पेटीची आठवण होऊन शरम वाटली.

त्यांची कामाची रीत पाहण्यासारखी होती. जुने यंत्र ते कधीही थेट विजेस जोडीत नाहीत. मध्ये एक साधा दिवा घालतात. आत कोठे दोष असला तर दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र वाचते. त्याआधी कागदी कंडेन्सर बदलतात. कारण जुन्या कागदात ओल शिरून वीज झिरपू लागते, आणि मग शेवटचा व्हॉल्व्ह व त्यामागून ट्रान्सफॉर्मर जळतो. तबकडीयंत्रातील वाळून डिंकासारखे झालेले ग्रीस पुसतात, कडक झालेले रबरी चाक घासून मऊ करतात. लाकडास मात्र शक्य तितका कमी हात लावतात. एका कपाटावर फुलदाणीचा पांढरा गोल डाग होता. तो का घालविला नाही, असे मी विचारले. भाचीने त्यांचे उत्तर मला सांगितले, “मामा, ते म्हणतात, दोष काढावा, वय काढू नये.”

आमच्या पेटीची हकीकत त्यांनी लक्षपूर्वक ऐकली. एकच प्रश्न विचारला, “तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कोणी मिळतो काय?” मिळतो म्हटल्यावर ते उठले, फडताळातून आमच्या जातीच्या यंत्राचा नकाशा काढून त्याची प्रत मला दिली, आणि म्हणाले, “तर मग मला विचारावयास इतक्या लांब कशास आलात? आमच्याकडे तो माणूस आता शोधावा लागतो.”

परत आल्यावर तो नकाशा घेऊन मी बुधवार पेठेत गेलो. ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळला, कंडेन्सर बदलले, मध्ये दिवा घालून कळ दाबली. दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला. रेडिओचा हिरवा डोळा आता अगदी फिकट दिसतो. तो मी बदलला नाही. पण संध्याकाळी आजोबांची तबकडी लावली, तेव्हा सौ. हात पुसत उंबऱ्याशी येऊन बसली. आणि शेजारची दोन मुले, हे कपाट बोलते तरी कसे, हे पाहावयास दारात उभी राहिली.